लवणस्तंभात लवण कुठे आहे?

भाषांतरवाली
आंध्रातल्या बोर्रा गुहांवरच्या माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. छताला लोंबणारं स्टॅलॅक्टाइट आणि जमिनीवरून वर वाढणारं स्टॅलॅग्माइट, यांना शाळेतलं 'अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ' घातलं, तर निर्माता म्हणतो, "मीठ कुठून आलं? हा तर चुना." सुटसुटीत काही आहे का?

किंचितकाका
लवण म्हणजे फक्त मीठ, हे कुणी ठरवलं? चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेटही लवणच. शब्द बरोबर आहे, निर्माता बदला.

मृद्गंध
मराठी पुस्तकांत त्याला क्षार म्हणतात, काका. लवण हिंदीवाले म्हणतात. आणि छताला लोंबतंय तो स्तंभ कसला? वरचा खालच्याला भिडला की मग खांब. हिंदीत आश्चुताश्म-निश्चुताश्म आहेत. 'श्चुत्' म्हणजे ठिबकणं, मूळ ग्रीक शब्दातही ठिबकणंच आहे.

वाकडीवाट
आश्चुताश्म! निवेदकाची कवळी पडेल. वरचा लोंब, खालचा खुंट. संपलं. आमच्या पार्किंगच्या स्लॅबलाही लोंब आलेत.

किंचितकाका
लोंब भाताला येते, दगडाला नाही.

निवृत्त_पाटबंधारे
स्लॅबचं प्रकरण उलटं आहे. गुहेत पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवत खाली उतरतं. गुहेच्या हवेत तो वायू थेंबातून निसटतो आणि कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच खनिज, मागे राहतं. पाणी वाळून ते साठतं हा गैरसमज. स्लॅबमधून झिरपणारा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड उलट शोषून घेतो. म्हणून स्लॅबचे लोंब भराभर वाढतात. धरणाच्या गॅलरीत आम्ही ते काठीनं पाडायचो. गुहेतला साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वाढतो, तिथं मात्र हात लावू नये.

मृद्गंध
मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या अशाच एका खुंटावरून (घ्या, मीही म्हणाले!) ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ मध्ये 'मेघालयन' नाव मिळालं. थरांत जुन्या पावसाची नोंद असते.

वाकडीवाट
बोर्रातून वाहते ती गोस्थनी नदी. ते मुळात 'गोस्तनी'च असणार. छताला लोंबणारे सड आणि त्यातून ठिबकणारं पाणी. लोकांनी शब्द कधीच शोधलाय, आपण बसलोय समिती भरवत.

किंचितकाका
ही तुमची व्युत्पत्ती. पुरावा? उद्या अमरनाथलाही खुंट म्हणाल.

निवृत्त_पाटबंधारे
तो बर्फाचा असला तरी ठिबकूनच खालून वर वाढतो. आकारानं खुंटच.

किंचितकाका
भावना दुखावू नका.

भाषांतरवाली
गोस्थनी घेतली, आभार. पण स्टॅलॅक्टाइटचं काय? उद्या ध्वनिमुद्रण आहे.

वाकडीवाट
'रेकॉर्डिंग' म्हणा हो.

किंचितकाका
का म्हणून? ध्वनिमुद्रण चांगला शब्द आहे. यावर वेगळा धागा काढतो.