मदत हवी आहे : हॅलच्या तोंडी कोणते मराठी गाणे द्यावे?

नमस्कार मंडळी,

इंदुरातील आमच्या वाचक मंडळात '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातील हॅल या संगणकाच्या अखेरच्या प्रसंगाचे मराठी अभिवाचन करायचे ठरले आहे, मात्र घोडे एका गाण्यापाशी अडले आहे. एक अंतराळवीर हॅलच्या स्मृतीचा एकेक भाग काढून घेत असताना हॅल शिक्षकाने शिकवलेले 'डेझी बेल' हे इंग्रजी गाणे म्हणू लागतो आणि त्याचा आवाज जड, संथ होत विझतो.

हॅरी डॅक्रे यांचे हे गाणे १८९२ सालचे. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत ते संगणकाच्या कृत्रिम आवाजात गाऊन घेतले गेले; चित्रपटाचे सहलेखक आर्थर क्लार्क यांनी तेथील प्रात्यक्षिक ऐकले आणि पुढे ते हॅलच्या तोंडी आले. चित्रपटात हॅल स्वतःची जन्मतारीख १२ जानेवारी १९९२ सांगतो, म्हणजे गाण्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. हा मेळ मला फार आवडतो.

अडचण अशी की, आपल्या श्रोत्यांच्या बालपणात हे गाणे नाही, त्यामुळे गळा दाटून येणार कसा? फ्रेंच आवृत्तीत हॅल चंद्रप्रकाशाचे 'ओ क्लेर द ला ल्यून' हे तिकडचे बालगीत म्हणतो आणि जर्मन आवृत्तीतही त्यांचे स्वतःचे बालगीत आहे. त्याच धर्तीवर मी 'चांदोबा चांदोबा भागलास का' निवडले. नातीकडून ते फोनवर ध्वनिमुद्रित करून वेग निम्मा केला, तेव्हा 'भागलास का'मधला 'का' इतका लांबला, की स्वयंपाकघरातून सौभाग्यवती विचारत आल्या, "कोण कण्हतंय?" 'ये रे ये रे पावसा' मात्र संथ केल्यावर नुसतेच हास्यास्पद वाटले.

तरीही एक शंका उरते. आमच्या श्रोत्यांतील निम्मी मुले घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी आहेत. त्यांना 'चंदामामा दूर के' अधिक जवळचे आहे. अभिवाचन मराठी असताना गाणे हिंदी ठेवले, तर कानाला खटकेल का?

संथ केल्यावरही ओळखू येणारे, दीर्घ स्वरांचे आणि शक्यतो प्रश्न विचारणारे दुसरे बालगीत आपणांस सुचत असेल, तर कृपया कळवावे. तसेच, यंत्राच्या किंवा परग्रहवासीयाच्या तोंडी ओळखीचे गाणे आलेली एखादी मराठी विज्ञानकथा आठवत असल्यास लेखकाच्या नावासह सांगावी; निवेदनात तिचा उल्लेख करता येईल.