पाकिटातलं म्हणजे पाप आणि घरचं म्हणजे पुण्य, हे ठरवलं कोणी?

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
काल इथे एका काकांनी लिहिलं की वजन उतरवायचं असेल तर तयार खाण्याची पाकिटं फोडायची बंद करा, पहाटे उठून घरचा ताजा नाश्ता करा, आळस सोडा, आमच्या आया काय ओट्स खात होत्या का. खाली सगळ्यांचे अंगठे आणि नमस्कार. वाचल्यापासून डोक्यात बसलंय म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नर्स आहे, सकाळची ड्युटी 7 ची. त्याआधी पोराचा डबा, सासऱ्यांचं पथ्याचं, आणि पाणी यायचा दिवस असला की पिंपं भरायची, सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एवढं करून मी उपाशीच निघायचे आणि 10 वाजता कँटीनची भजी नाहीतर चहात बुडवून बिस्किटं, पुडा संपेपर्यंत. माझं वजन त्यानं वाढलं. आणि पाकिटातलंच पण नीट बघून घ्यायला लागल्यापासून हळूहळू उतरतंय. घरचं खा घरचं खा म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की ते घरचं करतं कोण आणि किती वाजता उठून.

पाकीट पुढून बघायचंच नाही, मागून वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, पहिलं नाव मैद्याचं किंवा साखरेचं असेल तर पुढे कणसं काढलेली असोत नाहीतर शेत, खाली ठेवायचं. ज्वारीचं चित्र छापलं की आत ज्वारी किती टक्के ते लिहावं लागतं, तो आकडा शोधा, बारीक अक्षरात असतो. 100 ग्रॅमला साखर 5 ग्रॅमच्या आत असेल तरच 'कमी साखर' म्हणता येतं, फायबर 6 ग्रॅम असेल तरच 'हाय फायबर'. एवढं बघून मी साधे ओट्स, फुटाणे, भाजलेला खाकरा, मखाना आणि आपली कडक भाकरी घेते. कडक भाकरी पण पाकिटातच मिळते की, ती चालते मग ओट्सनं काय घोडं मारलंय?

माझा खरा प्रश्न गोडाचा आहे. दुपारी 4 ला गोड लागतंच. पाकिटातलं, बॅगेत राहणारं, बरं काहीतरी सांगा.

आसरा_चौक
पोस्ट माझीच होती. ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण माझा अनुभव ऐका. मला शुगर निघाली तेव्हा मुलानं महागाची मुसळी, म्हणजे ओट्स आणि सुक्यामेव्याचं तयार मिश्रण, आणून दिली, डब्यावर धावणारा माणूस, हृदयाचं चित्र. रोज वाटीभर खात होतो, वर केळं. पुढच्या तपासणीत शुगर वाढलेली आणि वजन तिथंच. ते सगळं बंद केलं, सकाळी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक आणि तलावाच्या बाजूनं चालणं. वजन उतरलं, गोळी पण डॉक्टरांनी कमी केली. मी पुस्तकातलं बोलत नाही, अंगावरचं बोलतोय. पाकीट म्हणजे फसवणूक, त्यात चांगलं आणि वाईट असं काही नसतं.

लेबल_वाचा
काका, त्या मुसळीच्या डब्यामागं काय लिहिलं होतं ते वाचलं होतं का? बहुतेक मुसळीत बेदाणे असतात, मध असतो, वरून साखर किंवा ग्लुकोज सिरप. आणि यातली खुबी अशी की साखर, गूळ पावडर, मध, इन्व्हर्ट सिरप (साखरेचाच पाक) अशा चारपाच नावांत गोडवा वाटला की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि वर ओट्स दिसतात. म्हणून नुसतं पहिलं नाव बघून पण भागत नाही ताई, मागच्या पोषणाच्या तक्त्यातला साखरेचा आकडा बघायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्येच सांगितलंय, अशी वरची साखर दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5 टक्के, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, 6 चमचे. चहातच 4 जातात आपले.

2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका. एवढी वर्षं आपण पोरांना तेच समजून पाजलं. तेव्हा काकांचा राग खोटा नाही, पण औषध चुकीचं आहे.

आणि घरचं म्हणजे हलकं हे तर साफ चूक. कोरडे पोहे 40 ग्रॅम म्हणजे 140 कॅलरी, त्यात एक मोठा चमचा तेल टाकलं की 120 वाढल्या, मग शेंगदाणे, वरून शेव. आणि एका प्लेटवर थांबतं कोण?

विडी_घरकुल_जिम
सगळे कार्ब कार्ब करत बसलेत, प्रोटीनचं कोण बोलणार? सकाळी प्रोटीन बार खा, 20 ग्रॅम प्रोटीन, भूक लागत नाही, गोडाचा पण प्रश्न मिटला. मी त्यावरच चरबी उतरवली.

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
भावा, एका बारच्या किमतीत आमच्या घरात दोन दिवसाची भाजी येते. आणि त्यात बऱ्याचदा साखरेऐवजी माल्टिटॉल असतं, 'जुलाब होऊ शकतात' अशी सूचना पुड्यावरच छापलेली असते ती वाच. ड्युटीवर मला ते परवडणारं नाही. फुटाण्यात पण 100 ग्रॅमला 20 च्या आसपास प्रोटीन आहे.

अक्कलकोट_रोड_गट
कडक भाकरीचा विषय निघाला म्हणून लिहिते, आमचा गट कडक भाकरीच करतो. ताई तुम्ही दुकानातनं घेता ती कुठली बघा बरं, कारण आता लई ठिकाणी पिठात गहू नाहीतर मैदा मिसळतात. नुसतं ज्वारीचं पीठ लाटायला गेलं की तुटतं, ते थापावंच लागतं. आम्ही गरम पाण्यात पीठ मळतो, थापतो, तव्यावर टाकून वरनं पाण्याचा हात फिरवतो, उलटली की मंद जाळावर कापडानं दाबत दाबत पापडासारखी कडक होईपर्यंत सोडत नाही. एका बाईचं मनगट जातं त्यात. आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं शेजारी 10 रुपये कमी आहे. शेजारची गुळगुळीत पांढरी आणि एकसारखी गोल असते, मोडली की तुकडे कसे पडतात बघा म्हणजे कळेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून पेपरात फोटो आले, थापणाऱ्या बाईला काय मिळालं?

नवीपेठ_खवय्या
कडक भाकरी आणि उखळातली शेंगा चटणी, वर तेलाची धार, बाजूला दही. ह्याच्यापुढं तुमचे ओट्स काय आणि मखाना काय. हाच सोलापूरचा नाश्ता, यानं कुणी जाड झालेलं मी बघितलं नाही.

विडी_घरकुल_जिम
बघितलं नाहीस कारण मोजलं नाहीस. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 560 च्या वर कॅलरी, निम्मं फॅट. चटणीचे दोन मोठे चमचे म्हणजे दीडशेच्या पुढे, वरच्या तेलाचे वेगळे. एक सबंध भाकरी झाली की ती.

नवीपेठ_खवय्या
शेंगा चटणीला वर तेल घालायलाच लागत नाही जर ती नीट कुटलेली असेल तर, उखळात दाणे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटलं की तिचं तिलाच तेल सुटतं आणि गोळा होतो. मिक्सरमधली भुकटी खाऊन मोठे झालेल्यांना हे काय कळणार.

आसरा_चौक
आत्ताच वर तेलाची धार लिहिलंत ना तुम्ही?

नवीपेठ_खवय्या
ते खाताना काका. करताना नाही. दोन्हीत फरक आहे.

पूर्वभाग_कर
आमच्याकडे चटणीत किंचित गूळ घालतात. त्यालाच चव येते.

नवीपेठ_खवय्या
गूळ? शेंगा चटणीत गूळ? मग ती शेंगा चटणी नाही, दुसरं काहीतरी आहे, तिला दुसरं नाव द्या. पाकिटातल्या चटणीत साखर घालतात त्याचं मूळ हेच, तुमच्यासारख्यांनी खपवून घेतलं म्हणून.

पूर्वभाग_कर
तोंड सांभाळून. माझी आजी मागावर बसून दिवस काढलेली बाई, तिच्या हातची चटणी आहे ती. सोलापूर काय नुसतं नवी पेठेत आहे का? आम्ही पण पिढ्यानपिढ्या इथलेच.

नवीपेठ_खवय्या
तुमच्या आजीबद्दल एक शब्द बोललो नाही. गुळाबद्दल बोललो आणि त्यावर ठाम आहे.

लेबल_वाचा
मी खरंच घरातली दुकानाची चटणी काढून बघितली, शेंगदाणे 80 टक्के, मग तिखट, मीठ, लसूण, आणि शेवटून दुसरी साखर. म्हणजे दोघांचंही थोडंथोडं खरं. आता पुढे चला.

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
मी गोडाचं विचारलं होतं आणि चटणीवर मारामारी चाललीय.

आसरा_चौक
ताई रागावू नका, पण मूळ मुद्दा तोच आहे. आमच्या घरात आजही सकाळी ताजी भाकरी होते. वेळ काढला की निघतो. आजकालच्या मुलींना स्वयंपाकघरात उभं राहायचाच कंटाळा.

अक्कलकोट_रोड_गट
काका तुमच्या घरात ती भाकरी करतं कोण?

आसरा_चौक
सूनबाई करते. पण ती आनंदानं करते.

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
विचारलंय का कधी तिला? ती नोकरी करते का, किती वाजता उठते, ती स्वतः सकाळी काय खाते, बसून खाते का उभ्यानं? तुमचं वजन उतरलं त्यात तिची रोजची पहाट आहे काका, ती कुठल्याच पोस्टमध्ये आली नाही. आमच्या वॉर्डात बायका येतात, चाळिशीत शुगर, गुडघे, वजन, आणि विचारलं सकाळी काय खाता तर म्हणतात पोरांच्या डब्यातलं उरलं तर, नाहीतर चहा-खारी. घरात सगळ्यांना ताजं करून घालणारी बाई स्वतः चहा-खारीवर. अशा बाईला मी सांगते की बाई गं, फुटाण्याचं पाकीट पर्समध्ये ठेव. ते पाप असेल तर असू दे.

मी काय करते सांगते. चेंजिंग रूममध्ये स्टीलचा पेला असतो माझा, त्यात कडक भाकरी हातानं चुरायची, वर ताक ओतायचं, मीठ नाही कारण भाकरीत असतं, 5 मिनिटं थांबायचं, कडा मऊ होतात आणि मधे अजून कुरकुर राहते तेव्हा खायची. जोडीला मूठभर फुटाणे. राउंडपर्यंत भूक लागत नाही. याला गॅस लागत नाही, पहाटे उठणं लागत नाही. ह्याच्यात आळस कुठे दिसला ते दाखवा.

आसरा_चौक
सूनबाई शाळेत शिकवते. 5 ला उठते. तुमचा सूर मला आवडलेला नाही, मी काही घरात कुणाला राबवून घेणारा माणूस नाही.

विडी_घरकुल_जिम
काका ताई बरोबर बोलतायत. आणि ताई एक सांगतो, कडक भाकरी हलकी लागते म्हणून जास्त खाल्ली जाते. पाणी उडालेलं असतं फक्त, पीठ तेवढंच. मऊ भाकरीशी 100 ग्रॅमला 100 ग्रॅम तुलना करू नका, नगावर मोजा.

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
हे मान्य. नगावरच खाते.

लेबल_वाचा
गोडाचं आता. एक, राजगिरा लाडू, लहानवाले, एकेक वेगळा गुंडाळलेला मिळतो. गूळ असतोच, गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरीत फरक नाही, पण लाडू फुगीर हलका म्हणून एकात फार जात नाही. शेंगदाणा चिक्की तेवढीच दिसते आणि भरपूर जड पडते. दोन, 70 टक्क्यांच्या वरचं डार्क चॉकलेट, दोन तुकडे. तीन, साध्या दह्याचा छोटा कप, फळाचं चित्र असलेला नाही, त्यात साखर असते. 'शुगर फ्री' बिस्किटांच्या नादी लागू नका, साखर 100 ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या वर नाही एवढाच त्याचा अर्थ, मैदा आणि पामतेल आहे तिथंच.

पूर्वभाग_कर
चॉकलेट सोलापुरात मार्चनंतर विसरा. 42 डिग्रीत बॅगेत नुसता चिखल होतो. डाळिंबाचे दाणे डब्यात न्या, आपलं स्वतःचं फळ आहे, जिल्हाभर बागा आहेत.

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
डाळिंब सोलायला पण कुणीतरी लागतं हो. राजगिरा लाडू आणि दही जमेल. वॉर्डात फ्रिज आहे.

आसरा_चौक
राजगिरा लाडू आमच्याकडे उपासाला असतातच, ते मी पाकिटात धरत नाही.

लेबल_वाचा
पाकिटातच येतात काका.

आसरा_चौक
बरं. कडक भाकरी आणि राजगिरा यांना माझी हरकत नाही. ओट्सला अजूनही आहे. आणि मुसळीबद्दल बोललो त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

अक्कलकोट_रोड_गट
ताई, पेल्यात चुरायची तर आम्ही लहान करून देऊ, तळहाताएवढी, मीठ न घालता, वर तीळ. नुसती ज्वारी. पण 10 रुपये कमी करा म्हणायचं नाही.

जुळेसोलापूर_शिफ्टवाली
म्हणणार नाही. वॉर्डातल्या आणखी दोघी-तिघी घेतील, बिनमिठाचीच द्या. आणि पुड्यावर घटक छापा की, नुसती ज्वारी आहे हे लोकांना दिसू दे.

आसरा_चौक
माझ्याकडे पण दोन पुडे पाठवा. सूनबाईला शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी मी चुरून खाईन.

नवीपेठ_खवय्या
सोबत चटणी लागली तर सांगा. उखळातली. गुळाशिवाय.