मदत हवी आहे: आमवाताचा ताठरपणा आणि थकवा चित्रात कसा आणावा?

ठिपका
रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर छोट्या चित्रांची मालिका करायची आहे, ३० दिवस रोज एक. अडचणी तीन. काहीही काढलं तरी ते मलमाच्या जाहिरातीसारखं दिसतं: लालभडक गुडघा, बाजूला विजा. बोटं आखडली की बारीक ब्रश धरवत नाही, आणि एका बैठकीत वीसेक मिनिटांच्या वर काम होत नाही. शिवाय वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सपाट थर) दिला की कागद फुगतो. साहित्य: ट्यूबमधले जलरंग, १८० जीएसएमचं (कागदाचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅम) ड्रॉइंग पॅड, साधे गोल ब्रश. आजार दिसायला हवा, पण रडगाणं नको.

रेघारेघी
लाल रंग आणि विजा आधी बाद करा. त्यातून ‘दुखतंय’ एवढंच कळतं, आणि ते बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. हा आजार ओळखू येतो तो त्याच्या वागण्यावरून: सकाळी सांधे धरतात, सैल पडायला तासभर किंवा जास्तच लागतो, आणि थकवा दुखण्याच्या प्रमाणातच येईल असं नाही. यातल्या दोनच गोष्टी चित्रात घ्या, ताठरपणाची वेळ आणि थकवा. झोप, औषध, मूड असं तिसरं काही घातलंत की चित्राचा तक्ता झालाच म्हणून समजा.

कागद १२ × १२ सेंमी. ताठरपणासाठी आडवी पट्टी, १० मिनिटांना १ सेंमी. ७० मिनिटं आखडलं तर ७ सेंमी. थकव्यासाठी त्याच रंगाच्या तीन छटा, थकवा जास्त तितका रंग पातळ. मटाराच्या दाण्याएवढा रंग एका वाटीत १ चमचा पाण्यात, दुसरीत तेवढाच रंग ३ चमच्यांत, तिसरीत ९ चमच्यांत. १, २, ३ चमचे करू नका. वाळल्यावर त्या छटा एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून निवड वाळलेल्या नमुन्यावरून करा. रंगाचे कण तळाशी बसतात, तेव्हा दर वेळी वाटी ढवळून घ्या.

मुख्य म्हणजे नोंद त्याच दिवशी. बरं वाटत असताना चार दिवसांचं मागून भरलं की सगळे दिवस सौम्य होऊन बसतात. बसणंच झालं नाही त्या दिवशीचा कागद कोरा ठेवा, मागे तारीख टाका आणि मालिकेत त्याच्या जागी लावा. मालिकेतली सगळ्यात बोलकी पानं बहुधा हीच ठरतील.

रडगाण्याचं म्हणाल, तर मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोचं १९४४ चं स्वतःचं चित्र ‘द ब्रोकन कॉलम’ निवांत बघा. कण्याच्या जागी तडे गेलेला खांब, अंगभर लहानमोठे खिळे, पाठीला आधार देणारा पट्ट्यांचा कॉर्सेट. डोळ्यांत पाणी आहे, पण चेहरा वेडावाकडा केलेला नाही. सगळा जोर वस्तू नेमक्या काढण्यावर आहे.

कागदकाम
फुगण्याचं कारण कागदच. १८० जीएसएम भरपूर पाण्याचा वॉश झेलत नाही. ३०० जीएसएमचा सुती कागद घ्या. ५६ × ७६ सेंमीच्या एका तावातून १२ सेंमीचे २४ तुकडे निघतात, म्हणजे ३० साठी दोन ताव; उरलेल्या पट्ट्या छटा तपासायला. तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने फळीला चिकटवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू नका. ओलसर असताना ओढलीत तर कडेचा कागद सोलून निघतो.

ब्रशच्या दांड्यावर पाइपला लावतात ती फोमची नळी चढवा, जाडी अडीच-तीन सेंमी होईल अशी. फोमच हवा, लाकडी जाड मूठ वजनाने मनगट दमवते. फळी थोडी तिरपी ठेवा आणि रेघ बोटांनी न ओढता खांद्यातून ओढा. तिरप जास्त झाली तर पातळ छटा खालच्या कडेला जमून तिथे गडद काठ धरते. सांधा गरम आणि सुजलेला असेल तेव्हा ब्रश उचलूच नका. पकडीबद्दल फिजिओथेरपिस्टला विचारलेलं बरं.

ब्रशशिवायचा रस्ताही आहे. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातीसने पुढे रंगवलेले कागद कापून चित्रं केली. रंग लावायचं काम मदतनीस करत. पण बोटांच्या आमवातात कात्री ही ब्रशपेक्षा वाईट. त्यापेक्षा रंगवलेला कागद फाडा. तंतूंच्या दिशेने फाडला तर बराच सरळ फाटतो, आडवा फाडला तर भरकटतो. दिशा कळायला कागद दोन्हीकडून हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वळतो, त्या वळीला समांतर तंतू. फाडलेल्या दोनपैकी एका तुकड्याला रंगाच्या बाजूने पांढरी खरबरीत कड येते. ती कड सांध्याच्या जागी ठेवून बघा, लाल रंगाची आठवणही होणार नाही.

ठिपका
दोन्ही छान. फाडलेल्या पट्ट्याच वापरेन. दोन शंका. थकव्यात डोकं धुकट होतं ते कसं दाखवावं? आणि ताठरपणा दोन तासांच्या वर गेला तर पट्टी कागदात मावणार नाही.

रेघारेघी
धुक्यासाठी मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा भाग झाकायचा द्रव; तो वाळला की त्याखाली रंग लागत नाही. मेणबत्ती घासूनही रंग अडवता येतो, पण घासायला बोटांवर दाब द्यावा लागतो, ती तुमच्या कामाची नाही. जुना ब्रश आधी साबणात बुडवून मग फ्लुइडमध्ये घाला, नाहीतर केस कायमचे चिकटतात. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. वाळलं की वरून वॉश, तोही वाळला की रबरासारखं चोळून काढा. ड्रायरने वाळवू नका आणि दिवसभराच्या वर ठेवू नका, कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं. पट्टीचे मधलेच तुकडे असे झाकलेत तर लांबी तीच राहते आणि पट्टी मात्र तुटक दिसते. तेवढं पुरे.

कागदकाम
मावली नाही तर मावू देऊ नका. प्रमाण बदललंत की आधीची सगळी पानं खोटी पडतील. पट्टी डाव्या कडेपासून चिकटवा आणि उजवीकडे कागदाबाहेर जाऊ द्या. अडीच तास म्हणजे ३ सेंमी बाहेर. बाहेरच्या भागामागे त्याच कागदाचा पातळ आधार लावा, नाहीतर टोक गुंडाळतं. मांडताना दोन पानांत ५ सेंमी अंतर सोडा आणि काचेची फ्रेम घेणार असाल तर ती आधी न आणता सगळ्यात लांब पट्टी मोजून मगच आणा.