परदेशी जाण्याचे कागद : तुमचे-आमचे अनुभव

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान विनाकागद म्हणून परत धाडलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे कोल्हापूरच्या बिंदू चौकात चहाला जमलो होतो. बेड्या, साखळ्या, सगळं बोलून झालं आणि एकानं ठेवणीतलं वाक्य काढलं, "हे पंजाब-गुजरातकडचं खूळ. आपली पोरं असलं करत न्हाईत."

त्या १०४ जणांत ३३ हरियाणाचे, ३३ गुजरातचे आणि ३० पंजाबचे होते, हे खरं. पण ३ महाराष्ट्राचेही होते. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो, कारण माझा सख्खा मामेभाऊ अकरा महिने आखातात 'खल्लीवल्ली' होता आणि आमच्या घरात ही गोष्ट आजही कुणी मोठ्यानं बोलत नाही. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी : कफिलाकडून (ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो तिथला मालक) सुटलेला, कागद संपलेला, मिळेल तिथं रोजानं राबणारा माणूस. गडहिंग्लज-चंदगड गाडीत बसून कुणालाही विचारा, अर्थ सांगतील.

भाऊ गेला तेव्हा सगळं रीतसर होतं. व्हिसा होता, करार होता. मग कंपनी बुडाली आणि इकामा (तिथं राहायचा परवाना) पुढं वाढवायला कुणी उरलं नाही. एका तारखेपर्यंत तो कायदेशीर होता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत, त्याच कॉटवर बेकायदेशीर झाला.

म्हणून हा धागा. गेलात, राहिलात, अडकलात, नकार आला, पोराला पाठवलंत, सगळं लिहा. एजंटाचं, कंपनीचं, ऑफिसचं नाव नको. ऐकीव नको. आणि "लोक रीतसर का जात नाहीत" हे विचारणाऱ्यानं आधी रीतसर जायचा प्रयत्न करून बघितलेला असावा, एवढीच अट.

आजरा घनसाळ

मी लिहितो. शुद्धलेखन बघू नका.

धावी नापास, त्यामुळं पासपोर्टवर ईसीआर. म्हंजे आखात धरून १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागती, नोंदणीवाला एजंट लागतो, करारपत्र लागतं, विमा लागतो. हे सगळं मला परत आल्यावर कळलं. आमचा एजंट म्हणाला, "त्यात सहा महिनं जातील. व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो. विमानतळावर विचारलं तर मेव्हण्याकडं फिरायला चाललोय म्हण." घेतले १ लाख ४० हजार. बायकोचं गंठण सोसायटीत गहाण. कायद्यानं एजंटाला ३० हजार आणि त्यावर जीएसटी, याच्या वर घेता येत न्हाई. हेबी परत आल्यावरच कळलं.

शारजात एका खोलीत बारा जण. एसीच्या डक्टिंगचं काम. व्हिजिट संपली, एजंटाचा फोन बंद. फोरमन म्हणायचा थांब, बघतो. दिवसाला ५० दिरहम दंड चढत होता आणि मी दिवसाला ६० मिळवत होतो. त्यातबी शुक्रवारी काम न्हाई, दंड मात्र शुक्रवारीबी. पोलिसाची गाडी दिसली की गल्लीत शिरायचं. आईला फोनवर म्हणायचो, मजेत हाय.

२०२४ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारनं माफी काढली. आधी ऑक्टोबरअखेर मुदत होती, मग ३१ डिसेंबर केली. मी दोन महिनं गेलोच न्हाई, वाटलं सापळा आसंल. नोव्हेंबरात गेलो. बोटांचे ठसे घेतले, दंड माफ, परत यायला बंदीबी न्हाई. मदतीला बसलेला एक मल्याळी माणूस होता. घर कुठं म्हणाला. कोल्हापूर म्हटलं. तर म्हणतो, "चप्पल?" तेवढ्या शब्दावर मला रडू फुटलं. लोक बघायला लागले.

धागाकर्ता

परत जाणार का, दादा?

आजरा घनसाळ

जाणार की. हितं काय हाय? पण यावेळी सतरा नंबर फॉर्म भरलाय. आधी धावी काढतो, मग जातो. पोरगी गणित शिकवती.

रंकाळ्यापासून लांब

मी दुसऱ्या टोकाची. सगळे कागद असलेली.

मास्टर्स अमेरिकेत केलं, २०१४ ला एच-वन-बीच्या, म्हणजे तिथल्या कामाच्या व्हिसाच्या, लॉटरीत नंबर लागला. हो, लॉटरीच. वर्षाला ६५ हजार जागा, तिथल्या मास्टर्सवाल्यांना आणखी २० हजार, आणि अर्ज त्याच्या दुप्पट. २०१६ ला कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला. अजून रांगेत आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं सगळ्या जगाला मिळून वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात नवरा-बायको-मुलंही मोजायची, आणि एका देशाच्या वाट्याला त्यातले सात टक्के. ही वाटणी १९९० च्या कायद्यातली. भारत असो की आइसलँड, ताटात वाढायचं तेवढंच.

मुलगा चार वर्षांचा असताना आणला, आता सतरा. एकविसावं पूर्ण झालं की तो आमच्या अर्जातून बाहेर. मग जिथं पाटी गिरवली त्याच देशात त्यानं परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा मागायचा.

बाबा गेले तेव्हा मी येऊ शकले नाही. आले असते, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. नव्या शिक्क्याशिवाय परतता येत नाही आणि मुलाखतीची तारीख पाच महिन्यांनंतरची. मुलगा इथं, नोकरी इथं. पंचगंगेच्या घाटावरचं सगळं फोनवर पाहिलं. आवाज तुटत होता, भावजी मधूनमधून "दिसतंय का?" विचारत होते.

एक सांगते, राग मानू नका. आमच्या इथं गवत कापायला एक मेक्सिकोचे गृहस्थ येतात. वीस वर्षं विनाकागद. मला त्यांचा राग यायचा, आम्ही टॅक्स भरून रांगेत आणि हे मधेच शिरलेले. एकदा बोलताना कळलं, त्यांची मुलगी इथं जन्मली म्हणून नागरिक आहे, आणि ते स्वतः आईच्या मयताला गेले नव्हते. गेले असते तर परत येणं नव्हतं. त्या दिवसापासून राग कुणाचा करायचा तेच समजेना.

म्हशीचा पुरावा

आईच्या वतीनं लिहितोय. आम्ही कागल तालुक्यातले. ताई अमेरिकेत, तिचं बाळंतपण. आईचा व्हिजिटर व्हिसा तीनदा नाकारला. दर वेळी १८५ डॉलर, म्हणजे पंधरा-सोळा हजार, परत मिळत नाहीत. वर मुंबईचं जाणं-येणं.

तिकडं सगळ्यांकडं आधी संशयानंच बघायचं असा कायदा आहे. मी परत येणार, हे आपणच पटवून द्यायचं. तिसऱ्या वेळी दुभाष्यामार्फत विचारलं, परत येण्यासारखं तुमचं भारतात काय आहे? आई म्हणाली, "दोन म्हशी हायत. एक गाभण हाय." दुभाष्या हसला. साहेबानं तोच छापील कागद दिला.

आईचं म्हणणं, त्या दुभाष्यानं नीट सांगितलंच नसणार. गाभण म्हैस टाकून कोण राहील?

अर्धे माग

इचलकरंजी. नाव सांगत नाही. बारा मागांतले सहा विकून मुलाला कॅनडाला धाडला. तो गेला तेव्हा खात्यावर खर्चापोटी १० हजार डॉलर दाखवावे लागायचे, २०२४ च्या जानेवारीपासून ते २० हजार ६३५ केले. धाकट्याचा विषय तिथंच संपला, कारण उरलेले सहा माग विकले तर खायचं काय.

थोरल्याचं कॉलेज म्हणजे एका दुकानावरचे दोन मजले. ते आधी कळलं नाही, माहितीपत्रकात तलाव होता. कोर्स झाला, कामाचा परवाना मिळाला, गोदामात माल उचलायचा. कायम राहण्यासाठी पॉइंट लागतात, याचे कमी पडतात, वय वाढलं की आणखी कमी होतात. परवाना संपून महिना झाला. संपल्यापासून ९० दिवसांत परत अर्ज करता येतो म्हणे, पण कशाच्या जोरावर?

परवा म्हणाला, "पप्पा, राहतोच तसा. इथं लई जण राहतात." मी काही बोललो नाही. ये म्हणावं तर कर्ज माझ्या एकट्याच्या अंगावर. राहा म्हणावं तर बाप म्हणून कसं म्हणू? फोन त्याच्या आईच्या हातात दिला.

पुढची गल्ली

माझ्या ओळखीतल्या एकाच्या साडूनं डंकी मारलेली, म्हणजे चोरवाटेनं देश ओलांडत अमेरिकेला. इक्वेडोर, मग पनामाचं जंगल, मग मेक्सिको. वाटेत मेलेली माणसं पडलेली असतात म्हणे, आणि

धागाकर्ता

ऐकीव नको म्हटलं होतं. असल्या चोरवाटांवर काय होतं ते जानेवारी २०२२ मध्ये सगळ्यांनी वाचलंय. गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब, दोन लहान मुलांसकट, कॅनडा-अमेरिकेच्या हद्दीवर बर्फात गोठून गेलं. साडूला स्वतःला लिहायला सांगा.

वळिवड्याची चिंच

माझं घर गांधीनगरला लागून. इथं वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५ हजार माणसं. रशियानं सायबेरियाकडं हाकललेली, इराणमार्गे आलेली, बहुतेक बायका आणि पोरं. आमचे आजोबा त्यांना दूध घालायचे. त्यांना पोलिश भाषेतले आकडे दहापर्यंत यायचे, उधारीपुरते. पोलंडची माणसं गेली आणि त्याच बराकीत फाळणीनंतरचे सिंधी आले. आज त्याची गांधीनगर बाजारपेठ झालीय.

आता गंमत ऐका. माझा पुतण्या, शिरोलीत वेल्डर, हात चांगला. त्याला एकानं पोलंडचा कामाचा परवाना दिला, साडेतीन लाखांना. रंगीत कागद, शिक्का, सगळं. व्हिसाला गेल्यावर कळलं की त्या नंबरचा परवानाच कुठं नाही. बिचारा मुलाखतीत सांगणार होता की वॉर्सात आमच्या वळिवड्याचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. पाठ करून गेला होता. विचारलंच नाही कुणी.

आजोबांनी छावणीत कुणाचा कागद बघितला नव्हता. अर्थात तो काळ वेगळा, आणि ती परवानगीही वरून आलेली होती, हे मला कळतं. तरी वाटायचं ते वाटतंच.

गुजरी कॉर्नर

उलट्या बाजूनं लिहू का? आमच्या दुकानात घडणावळीला बंगाली कारागीर आहेत, मालदा जिल्ह्याचे. भारतीयच. पण बोली ऐकली की गिऱ्हाईक विचारतं, "बांगलादेशी न्हाईत न्हवं?" मध्यंतरी एकाला चौकशीला नेलं. आधार होतं, मतदार ओळखपत्र होतं, तरी रात्रभर बसवून ठेवलं. सकाळी आला आणि थेट कामाला बसला. मी म्हटलं घरी जा, झोप. म्हणाला, "शेठ, घर बोलते तो मालदा."

तेव्हापासून तो चहा प्यायलाही खाली उतरत नाही. वरच मागवतो.

बी-टू

रीतसर जाऊन धड असलेली एकतरी नोंद असू दे. मी नर्स, सध्या जर्मनीत. मिरजेला शिकले, कोल्हापुरात तीन वर्षं रात्रपाळ्या केल्या. पाळी संपवून सकाळी सातला जर्मनचा क्लास. बी-वनची परीक्षा, मग बी-टूची. 'डेअर, डी, दास' पाठ करताना पेशंटच्या आज्जी विचारायच्या, कुठला मंत्र म्हणतीस गं? अर्जापासून विमानापर्यंत अडीच वर्षं. एजंटाला एक रुपया दिला नाही, खर्च इथल्या हॉस्पिटलनं केला. पहिला हिवाळा वाईट गेला. एवढंच.

सीपीआरसमोर

अर्जंट. सगळ्यांनी बघा. माझा धाकटा भाऊ आज रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला निघालाय, उद्या विमान. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी, पगार ८० हजार, जेवण-राहणं कंपनीचं. मुलाखत टेलिग्रामवर झाली. व्हिसा लागत नाही म्हणाले. एजंटाला ८० हजार दिलेत. बरोबर आहे का हे?

धागाकर्ता

व्हिसा लागत नाही तो थोडे दिवस फिरायला. कामाला लागतो. करारपत्र आहे का? विमानतळावर न्यायला कोण येणार?

सीपीआरसमोर

करारपत्र तिथं गेल्यावर देणार. गाडी येणार, मे सोत नावाच्या गावाला नेणार.

रंकाळ्यापासून लांब

उतरवा त्याला. आत्ता. मे सोत म्यानमारच्या हद्दीवर आहे, नदीपलीकडं म्यावाडी. तिथं कोंडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. २०२५ च्या मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी तिथून ५०० हून जास्त भारतीय परत आणले.

आजरा घनसाळ

भावा फोन लाव त्याला. नाही उचलला तर मिरजेला कुणी पाहुणं असलं तर स्टेशनवर पाठव. गाडी थांबती तिथं.

बी-टू

मिरजेत माझा भाऊ आहे. डबा आणि सीट नंबर द्या.

सीपीआरसमोर

एस-४. पाठवलंय तुम्हाला.

सीपीआरसमोर

उतरवला. मिरजेच्या फलाटावर आहे, मी मोटारसायकलनं निघालोय. बोलत नाही माझ्याशी. बॅग पायाजवळ धरून बसलाय म्हणे, आणि एजंटाचा फोन सारखा येतोय.