कोहेनने लिहावं, गायला दुसरे होते की!

तिरपागडा

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या द्यायला सोपं जाईल. लेनर्ड कोहेन पहिल्या प्रतीचा गीतकार होता आणि जेमतेम गायक. त्याची कारकीर्द जेव्हा जेव्हा वर आली तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी गळा कामाला आला होता.

हा माणूस मुळात माँट्रियलचा कवी. पहिला संग्रह १९५६ चा. मग ग्रीसच्या हायड्रा बेटावर घर घेऊन तिथे कादंबऱ्या लिहिल्या. समीक्षकांनी नावाजल्या, पण त्यावर घर चालेना, म्हणून स्वारी गाण्याकडे वळली. १९६६ मध्ये गायिका जूडी कॉलिन्सने त्याचं 'सुझान' रेकॉर्ड केलं आणि संगीताच्या दुनियेला हे नाव कळलं. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम १९६७ च्या अखेरीस आला, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

आता 'हॅलेलूया' घ्या. १९८४ चा अल्बम. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तो अमेरिकेत काढायलाच नकार दिला. गाणं पडून राहिलं. १९९१ मध्ये जॉन केल या गायकाने ते नुसत्या पियानोवर गायलं, ते ऐकून जेफ बकली या दुसऱ्या गायकाने १९९४ मध्ये गायलं, २००१ मध्ये ते 'श्रेक' सिनेमात आलं आणि मग ते घरोघरी पोचलं. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या गाण्यांच्या खपाच्या यादीत काय चित्र होतं? पहिल्या क्रमांकावर टीव्हीवरची स्पर्धा जिंकलेली अलेक्झांड्रा बर्क, दुसऱ्यावर बकली, आणि ज्याने लिहिलं, चाल लावली, पहिल्यांदा गायलं, तो छत्तीसाव्या क्रमांकावर. गाणं तेच, शब्द जवळपास तेच. फरक गळ्याचा.

आपल्याकडे गदिमांनी गीतरामायण लिहिलं आणि बाबूजींच्या हाती सोपवलं. गदिमा स्वतः गायले नाहीत म्हणून कोणाचं काही अडलं का? कोहेनने हेच करायला हवं होतं.

रात्रपाळी

चोवीस वर्षं जुनं गाणं, एके काळी कंपनीने नाकारलेलं, ते म्हाताऱ्याच्या आवाजात पहिल्या चाळीसात येतं आणि याला तुम्ही अपयश म्हणता? धन्य आहे.

मंद्रसप्तक

तिरपागडाराव, गदिमा-बाबूजींचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. गीतरामायणात राम वेगळा, सीता वेगळी, कौसल्या वेगळी. प्रत्येक गाणं कुठल्या ना कुठल्या पात्राच्या तोंडचं. तिथे आवाज बदलले तर उलट बहारच. कोहेनच्या गाण्यात बोलणारा कायम एकच माणूस आहे: थकलेला, थोडा लबाड, स्वतःला हसणारा, देवावर विश्वास आहे की नाही हे न ठरलेला. त्या माणसाचा आवाज काढून घेतलात तर शब्द तेवढे उरतील, बोलणारा निघून जाईल.

जुडी कॉलिन्सचं 'सुझान' मलाही आवडतं. पण ती ते दुरून बघून सांगते, जणू नदीकाठची एखादी गोष्ट. कोहेनचं ऐकताना हा माणूस सुझानच्या खोलीत जाऊन आलाय हे कळतं. सूर सपाट आहे, मान्य. पण आपण काय सांगतोय हे माहीत असलेला माणूस असाच सांगतो.

आणि 'गायक' म्हणून त्याचं मोजमाप करायचं तर सगळी कारकीर्द बघा. १९६७ चा आवाज वेगळा आणि १९८८ च्या 'आय'म युअर मॅन'चा वेगळा. पहिला पातळ, जरासा नाकातला. दुसरा पार खाली गेलेला, खर्जातला. सिगारेट आणि व्हिस्की यांना श्रेय द्यायला तो स्वतःही मागे नव्हता. महत्त्वाचं हे की आवाज खाली गेला तसं लिखाणही बदललं. 'एव्हरीबडी नोज' एखाद्या सुरेल तरुणाने गायलं तर ती तक्रार वाटेल. त्या खर्जात ती बातमी वाटते, आणि बातमी देणारा मनातल्या मनात हसतोय असंही. म्हणजे हा गीतकार स्वतःच्या मर्यादित गळ्याच्या मापाने शब्द बेतत होता. दुसऱ्यांसाठी लिहिलं असतं तर ही गाणी लिहिलीच गेली नसती.

आडवाटेचा

मी अर्धा तिरपागडाकडे. सगळे केल-बकलीवर थांबलेत, पण कोहेनच्या स्वतःच्या रेकॉर्डवर चाल कोण सांभाळतं ते कान देऊन ऐका. बायका. पहिल्या अल्बमपासून शेवटपर्यंत. जेनिफर वॉर्न्स सत्तरच्या दशकात त्याच्यामागे कोरसला गायची. पुढे १९८० च्या दशकात तिने फक्त त्याच्या गाण्यांचा आख्खा अल्बम केला. 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन' तर लोकांनी आधी तिच्याच आवाजात ऐकलं, त्याचं स्वतःचं नंतर आलं. २००१ च्या 'टेन न्यू साँग्ज'मध्ये शॅरन रॉबिन्सन सहलेखिका, निर्माती, सहगायिका, सगळंच. मुखपृष्ठावर दोघांचा फोटो आहे, यातच काय ते आलं.

म्हणजे खुद्द कोहेनलाही आपल्या गळ्याचा भरवसा नव्हता.

मंद्रसप्तक

भरवसा नव्हता असं नाही, त्याला आपल्या गळ्याचा अंदाज होता. तो खाली जमिनीवर उभा राहून बोलतो, त्या वर हवेत गातात. ही मांडणी ठरवून केलेली आहे. वॉर्न्सचा अल्बम सुंदर आहे, स्वच्छ आहे, पण सलग ऐकला की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. जे राहून जातं ते म्हणजे तो खालचा आवाज.

चौथी_सीट

तुम्ही लोक कला-कला करत बसलात. या वादाचा निकाल पैशाने लावलाय, आणि तो तिरपागडांच्या विरोधात आहे.

गीतकाराची मिळकत कशातून? प्रकाशनहक्कांतून. दुसऱ्याने तुमचं गाणं गायलं, रेडिओवर लागलं, सिनेमात वापरलं, की लेखकाला वाटा मिळतो. म्हणजे 'लिहा आणि सोपवा' या धोरणाचा सगळा डोलारा या हक्कांवर. आता कोहेनचं काय झालं बघा. सुरुवातीलाच, न वाचता सही करून 'सुझान'चे हक्क घालवले. हे तो स्वतःच सांगायचा. मग नव्वदच्या दशकात तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात जाऊन राहिला, १९९६ मध्ये भिक्षूची दीक्षा घेतली. आर्थिक व्यवहार सगळे व्यवस्थापिकेच्या हाती. २००४ च्या सुमारास कळलं की निवृत्तीसाठी ठेवलेले पन्नास लाखांहून जास्त डॉलर गेले, उरले दीडेक लाख. गाण्यांचे हक्कही विकले गेले होते. २००६ मध्ये कोर्टाने नव्वद लाख डॉलरचा निकाल त्याच्या बाजूने दिला, पण निकाल हातात असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं.

म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर गीतकार कोहेनपाशी विकायला काही उरलं नव्हतं. उरला होता तो गायक कोहेन, ज्याला तुम्ही जेमतेम म्हणताय. मे २००८ मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या छोट्या थिएटरात सुरुवात केली, पंधरा वर्षांनी रंगमंचावर. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये ऑकलंडला शेवटचा कार्यक्रम होईपर्यंत मधल्या सुट्ट्या सोडल्या तर माणूस फिरतच होता. तीन-तीन तास. गुडघे टेकून गायचा, टोपी काढून वादकांची ओळख करून द्यायचा. लेखणीने कमावलेलं गेलं ते गळ्याने परत आणलं.

जाता जाता: २००८ च्याच लंडनच्या रेकॉर्डिंगमध्ये 'टॉवर ऑफ साँग' ऐका. आपल्याला सोन्यासारख्या आवाजाची देणगी मिळाली आहे अशी एक ओळ आहे त्यात. त्या ओळीला प्रेक्षक जो गलका करतात, त्यात थट्टा किती आणि प्रेम किती हे वेगळं काढता येत नाही.

तिरपागडा

चौथी_सीट, हिशेब चोख मांडलात, पण निष्कर्ष चुकला. नाटकाची तिकिटं खपली म्हणून नट मोठा ठरत नाही. २००८ मध्ये लोक कोणाला बघायला आले? ज्याने ती गाणी लिहिली त्याला. आणि गाणी जगभर पोचवली होती केल, बकली, वॉर्न्स यांनी. ती जमीन त्यांनी नांगरून ठेवली नसती तर १९९३ नंतर रंगमंचावरून गायब झालेल्या माणसासाठी मोठमोठी सभागृहं भरली असती का? उसन्या आवाजांनी दिलेली प्रसिद्धीच त्याने तिकिटाच्या रूपाने वसूल केली.

शिवाय तो फिरला ते गरज म्हणून. पोटासाठी केलेल्या गोष्टीला कलात्मक निवड म्हणायचं असेल तर माझी ना नाही, पण मग १९६७ मध्येही पोटासाठीच गायला हे धरा.

'हॅलेलूया'बद्दल आणखी एक. केलने शब्द मागितले तेव्हा कोहेनने पंधरा पानं फॅक्स केली. इतकी कडवी! केलने त्यातली निवडली आणि आज लोक गातात ते बहुतांशी केलचं संपादन आहे. मंद्रसप्तक म्हणतात तसं गाणं त्या एका माणसाचंच असतं, तर दुसऱ्याने कडवी निवडून ते असं उभं राहिलं असतं का?

रात्रपाळी

पंधरा पानं लिहिणारा एक आणि त्यातून निवडणारा दुसरा. पंधरा पानं नसती तर केल काय निवडत होता, टेलिफोन डिरेक्टरी?

गच्चीवरची

थोडं अवांतर, पण मुंबईकरांनी वाचावं. मठातून उतरल्यावर, १९९९ मध्ये, कोहेन थेट मुंबईत आला. रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातले निवृत्त बडे अधिकारी, निसर्गदत्त महाराजांचे शिष्य; खेतवाडीत महाराज मराठीत बोलायचे त्याचं इंग्रजी भाषांतर करून सांगणाऱ्यांपैकी एक. वॉर्डन रोड भागातल्या त्यांच्या घरी सकाळी लोक जमायचे, त्यात हा टोपीवाला कॅनेडियन. तिथे बसणाऱ्या किती जणांना तो कोण आहे हे ठाऊक होतं देव जाणे. अनेक वर्षांचं नैराश्य त्यानंतरच्या काळात हळूहळू गेलं, असं कोहेनने पुढे मुलाखतींत सांगितलंय.

बाळसेकरांची शिकवण अशी की घटना घडतात, कृत्यं होतात, कर्ता कोणी नाही. आणि इथे कर्ता लेखक की गायक यावर रात्र काढताय!

बाकी मला नंतरचे अल्बम आधीच्यांपेक्षा जास्त आवडतात. निराशा जाऊनही कविता राहिली, हे फार थोड्यांना जमतं.

आडवाटेचा

बाळसेकरांचं माहीत नव्हतं, भारी.

नंतरचे अल्बम निघालेच आहेत तर 'यू वॉन्ट इट डार्कर'चं काय करायचं? ऑक्टोबर २०१६ मध्ये आला, ७ नोव्हेंबरला तो गेला, ब्याऐंशीव्या वर्षी. घरात खुर्चीवर बसून रेकॉर्ड केलेला, निर्माता मुलगा ॲडम. मागे माँट्रियलच्या सिनेगॉगचं (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं) वृंदगान, तेच सिनेगॉग जिथे त्याचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जायचं. शीर्षकगीताला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही उत्कृष्ट रॉक सादरीकरणाचं! सादरीकरणाचं, लेखनाचं नाही. मी अर्धा तिरपागडाकडे होतो, इथे पाव होतो.

तिरपागडा

शीर्षकगीत अफाट आहे, त्यावर वाद नाही. पण ते गाणं आहे का? तो बोलतोय. कवी कविता वाचतोय आणि मागे वृंद आहे. विंदा, पाडगावकर, बापट गावोगाव काव्यवाचन करायचे, सभागृहं भरायची, पण त्यांना कोणी गायक म्हटलं नाही. पाडगावकरांच्या कवितेला गायचं झालं तर खळ्यांची चाल आणि अरुण दातेंचा गळा लागला.

मंद्रसप्तक

तुम्हीच आणलंत म्हणून. सुरेश भट मुशायऱ्यात आपली गझल तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर, म्हणायचे. त्याच भटांच्या रचना हृदयनाथांनी स्वरबद्ध केल्या आणि लताबाई-आशाबाईंनी गायल्या. त्यांच्या गळ्याशी तुलना करायची कोणाची छाती आहे? तरी भटांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं त्या म्हणण्याबद्दल काय बोलतात ते विचारून बघा. ते शेर कुठे थांबवायचे, काफियाआधी, म्हणजे यमकाआधी, किती दम धरायचा, हे लिहिणाऱ्याला कळतं तसं कोणाला कळत नाही. कोहेनचं सगळं गाणं त्या थांबण्यात आहे. हे गाणं नाही तर बोलणं आहे म्हणता, बरं. पण तालाच्या किंचित मागे राहून, शब्द न सोडता, तीन तास असं बोलून दाखवणारा दुसरा माणूस आणा.

चौथी_सीट

१९९३ मध्ये कॅनडात त्याला संगीताचा जूनो पुरस्कार मिळाला, वर्षातला सर्वोत्कृष्ट पुरुष गायक म्हणून. माझ्यासारख्या आवाजाला हा पुरस्कार फक्त याच देशात मिळू शकतो, असं तो स्टेजवरच म्हणाला. तिरपागडा, तुमचा मुद्दा तुमच्या आधी त्यानेच मांडून ठेवलाय, आणि पुरस्कार खिशात घालून.

तिरपागडा

हसलो. तडजोड सुचवतो. १९८८ नंतरचा गायक तुमचा, घेऊन जा. पण १९६७ ते १९८४ या काळातले अल्बम जूडी कॉलिन्स किंवा वॉर्न्सने गायले असते तर जग काही गमावलं नसतं. हे तरी द्याल?

मंद्रसप्तक

नाही देणार. ते अल्बम गायला नसता तर १९८८ चा आवाज कुठून आला असता?

रात्रपाळी

सिगारेटीतून. वर लिहिलंयत की तुम्हीच.