पहिली सेमी-ऑटो शॉटगन : क्ले, होले आणि बदकं, तिन्हींसाठी एकच घ्यायची तर?

डॅलसवासी
नमस्कार मंडळी. वापर असा राहील: महिन्यातून दोनदा स्पोर्टिंग क्लेज (हवेत फेकलेल्या चकत्यांवर नेमबाजी), १ सप्टेंबरपासून होले, थंडीत बदकं. बारा बोअर, सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी), एकच बंदूक. उंची पाच फूट सहा इंच, बांधा सडपातळ, उजवा खांदा. बजेट बाराशे डॉलरपर्यंत. बेरेटा ए३०० अल्टिमा, विंचेस्टर एसएक्स४ आणि फ्रँकी अफिनिटी ३ या तिघींपाशी येऊन अडलोय. गॅस की इनर्शिया? साडेतीन इंची चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) लागतो का? नळी २६ की २८? आणि एच-१बी वर आहे, त्याचा काही अडथळा?

बाराबोअर
क्लेचा एक राउंड म्हणजे साधारण १०० काडतुसं. महिन्याला दोनशे झाली. होले-बदकांचा सगळा हंगाम मिळूनही तेवढी उडणार नाहीत. म्हणून तुमच्यासाठी गॅस, म्हणजे ए३०० किंवा एसएक्स४.

कारण यंत्रणेत आहे. गॅस बंदुकीत नळीच्या छिद्रांतून थोडा वायू पिस्टनवर येतो आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे जातो. धक्का तेवढाच असला तरी तो जरा जास्त वेळात पसरतो, खांद्याला मऊ लागतो. इनर्शियात सगळी बंदूकच मागे सरकते, बोल्ट क्षणभर जागेवर राहतो, मधली कडक स्प्रिंग दाबली जाते आणि तीच मग बोल्टला मागे फेकते. म्हणजे बंदूक मोकळेपणी मागे सरकली तरच ती चालते. दस्ता खांद्यावर सैल धरला, नळीला जड काही अडकवलं किंवा काडतूस फार हलकं घेतलं की रिकामं काडतूस अर्धवट अडकतं. त्यात अफिनिटीचं वजन साडेसहा पौंडांच्या आसपास. दिवसभर चिखलातून उचलून न्यायला उत्तम, पण शंभराव्या क्लेला खांदा आणि गाल दोन्ही बोलायला लागतात.

इनर्शियाची जमेची बाजूही सांगतो. काजळी आत येत नाही, सगळा धूर नळीच्या तोंडातून बाहेर जातो. फक्त बदकांसाठी बंदूक हवी असती तर मी अफिनिटीच सांगितली असती.

साडेतीन इंची सोडून द्या. तीन इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंचीही चालतात, आणि स्टीलच्या छर्ऱ्यांचं तीन इंची, सव्वा औंसाचं काडतूस बदकांना पुरून उरतं. नळी २८ इंची घ्या. आडव्या जाणाऱ्या क्लेवर झोका अर्ध्यात थांबत नाही.

मापाचा_माणूस
वर सांगितलेलं पटतंय, पण आधी माप बघा. शॉटगनला मागची साईट नसते, तुमचा डोळाच मागची साईट. दस्ता चुकला की छर्रे तुम्ही बघता तिथे जात नाहीत, मग बंदूक कितीही महागाची असो.

दुकानात आधी विचारून चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे स्वतः बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका आणि डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी आणि रिबची (नळीवरच्या सपाट पट्टीची) अगदी थोडी पाठ दिसली तर ठीक. रिसीव्हरचा (नळी आणि दस्ता यांच्या मधल्या भागाचा) मागचा भागच दिसत असेल तर दस्ता खाली आहे, रिब रस्त्यासारखी लांबलचक दिसली तर वर. नाक आणि अंगठ्याचं मूळ यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. तुमच्या उंचीला कारखान्याचा सव्वाचौदा-साडेचौदा इंची दस्ता जाड जाकिटावर लांब पडू शकतो. लांब दस्ता बगलेत अडकतो आणि बंदूक दंडावर टेकते. दंडावरचे निळे डाग बहुधा त्याचेच.

ए३०० सोबत शिम (दस्ता जिथे जोडतो तिथे घालायच्या पातळ चकत्या) येतात, दस्त्याचा उतार आणि डावा-उजवा कल त्यांनी बदलता येतो. शिम बसवल्यावर मोठा कागद १६ यार्डांवर लावा, घट्ट चोक (छर्ऱ्यांचा पसारा आवळणारा, नळीच्या तोंडात बसणारा तुकडा) घाला, नेम न रेंगाळवता चार-पाच बार एकाच खुणेवर टाका. या अंतरावर दस्ता एक इंचाचा सोळावा भाग वर-खाली केला की छर्ऱ्यांचा मध्य साधारण एक इंच सरकतो. हिशेब सोपा आहे.

आणि कुठला डोळा बलवान ते तपासा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा बलवान असेल तर शिम काहीच करणार नाहीत.

कागदपत्रं
एच-१बी चा मुद्दा सगळ्यात आधी हातावेगळा करा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला मुख्य अपवाद. क्लबात भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगणंच धरा. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म) भरताना लायसन्स दाखवावं लागतं. टेक्ससचं हंटिंग लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, नवं १५ ऑगस्टपासून मिळतं. मधे खंड पडू देऊ नका, कारण घरात बंदूक आहे आणि लायसन्स संपलंय ही स्थिती गंभीर आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. शंका असेल तर खरेदीआधी वकिलाला विचारा.

२ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्म असेल तर टेक्ससमध्ये हंटर एज्युकेशनही लागतं. होले-बदकांसाठी मायग्रेटरी बर्डचं एंडोर्समेंट (लायसन्सवर स्थलांतरित पक्ष्यांची जोड-परवानगी) आणि एचआयपी नोंद (अशा पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची नोंदणी), बदकांसाठी शिवाय फेडरल डक स्टॅम्प.

स्थलांतरित पक्ष्यांवर बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसली पाहिजेत, म्हणून मॅगझिनमधला प्लग (जास्त काडतुसं बसू न देणारी दांडी) काढू नका. साफसफाईनंतर तो टेबलावरच विसरतो आणि दंड होतो. बदकांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. स्टील घेताना फुल (फार घट्ट) चोक नको: त्याहून सैल मॉडिफाइड किंवा इंप्रूव्हड सिलिंडर, आणि चोकवर स्टील चालतं असं लिहिलेलं हवं. होल्यांना शिशाचे साडेसात किंवा आठ नंबर, एक औंस, पण काही सार्वजनिक जमिनींवर तिथेही शिसं चालत नाही, आधी बघून घ्या.

डॅलसवासी
आभारी आहे. लायसन्स आहे, तारीख लिहून ठेवली. ए३०० वर मन बसतंय. स्वस्तातली एक औंसाची काडतुसं त्यात चालतील ना? आणि सफाई किती वेळा?

बाराबोअर
चालतील. पण नवी बंदूक आणल्याबरोबर कारखान्याचं जाड तेल पुसून काढा, आणि पहिली शंभरेक काडतुसं १⅛ औंसाची वापरा म्हणजे भाग एकमेकांत बसतात. मग एक औंसावर या.

स्वस्त काडतुसांचं बूड बऱ्याचदा पितळी नसून स्टीलचं असतं. बार झाल्यावर ते फुगतं आणि खरबरीत किंवा मळलेल्या चेंबरला चिकटतं. बाहेर काढणारी आकडी घसरते, आणि दोष मात्र गॅस यंत्रणेला दिला जातो. चेंबर दहा बोअरच्या ब्रॉन्झ ब्रशने घासा. बारा बोअरचा तिथे सैल पडतो.

पिस्टन तीन-चारशे काडतुसांनंतर काढून काजळी खरवडा. मॅगझिन नळीवर तेलाचा पुसट हात, मग कोरड्या फडक्याने पुसा. तेल जास्त झालं की काजळीशी मिसळून चिखल होतो आणि थंड सकाळी पहिल्याच बदकाला बोल्ट मंद चालतो. भाग काढताना क्रमाने मांडून फोटो घ्या, पिस्टन उलटा बसला तर दुसरं काडतूस वर येणार नाही.

क्लबात स्टेशनवर उभं राहीपर्यंत बोल्ट उघडा ठेवा, चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग घाला. सेमी-ऑटो लांबून बघून रिकामी आहे की नाही ते शेजाऱ्याला कळत नाही. स्पोर्टिंगमध्ये एकावेळी दोनच काडतुसं भरा. आणि कधी ट्रॅप (रांगेत उभं राहून खेळायचा क्लेचाच प्रकार) खेळलात तर शेल कॅचर लावा, रिकामं काडतूस उजव्या बाजूच्या माणसावर जाऊन पडतं.