20 बेडचं मॅटर्निटी होम आणि पाच खात्यांच्या तपासण्या: मेळ कसा घालायचा?

प्रसूतिगृह_20
नगरपरिषद हद्दीतलं 20 बेडचं मॅटर्निटी होम. एक सोनोग्राफी मशीन, एक एक्स-रे, एमटीपीची (गर्भपाताची) मान्यता, आवारात मेडिकल. सिव्हिल सर्जन ऑफिस, पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याचं) पथक, प्रदूषण नियंत्रण मंडळ, फायर, एफडीए (अन्न व औषध प्रशासन) असे सगळे वेगवेगळ्या दिवशी येतात आणि निम्मी कागदपत्रं तीच मागतात. एकत्र तपासणी मागता येते का? नसेल तर आपल्या बाजूने याची घडी कशी बसवायची? येत्या 31 मार्चला रजिस्ट्रेशन संपतंय.

आवक_जावक
एकत्र तपासणीची सोय नाही. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे 1949 चाच शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि त्याखाली नोंदणी देणाऱ्याचं बाकीच्या खात्यांवर काही चालत नाही. त्यामुळे जुळवाजुळव तुम्हालाच करायची आहे.

सुरुवात बेडच्या आकड्यापासून करा. रजिस्ट्रेशनवर 20, प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात (चालवायच्या परवानगीत) 15, कचरा उचलणाऱ्यांच्या करारात 18 आणि फायरच्या नकाशात 22, असा घोळ बहुतेक ठिकाणी सापडतो, कारण बेड वाढवताना एकाच खात्याला कळवलेलं असतं. लेबर टेबल, रिकव्हरीची कॉट, बाळाचा वॉर्मर बेडमध्ये धरलाय की नाही, हे त्या-त्या खात्याला विचारून पक्कं करा. मालकाचं नाव आणि पत्ताही सगळीकडे सारखा हवा. एका कागदावर गट नंबर आणि दुसऱ्यावर सिटी सर्व्हे नंबर असला की प्रश्न सुरू होतात.

मग 31 मार्चपासून उलटं मोजत या. फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत लागतो. जुलैच्या फॉर्मवर मार्चचा अर्ज रेटू नका. जानेवारीचा मिळाला की लगेच जोडा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला आग लागून 10 बाळं गेली, तेव्हापासून आग विझवायचे सिलिंडर भरलेत एवढ्यावर कोणी थांबत नाही. वायरिंग, लोड, बाहेर पडायच्या वाटेत ठेवलेली कपाटं, सगळं बघतात. डॉक्टर आणि नर्स यांच्या कौन्सिल नोंदणीची मुदत डिसेंबरातच तपासा. तिथे एखादी हमखास संपलेली निघते. एक्स-रेचं लायसन्स ईलोरावर (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पोर्टलवर) 5 वर्षांचं असतं, पण मशीनची क्यूए (गुणवत्ता) चाचणी दर 2 वर्षांनी करावी लागते. लायसन्स चालू आहे म्हणून चाचणी विसरली जाते. दर्शनी भागात दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद लावणं शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांपासून बंधनकारक आहे.

फॉर्म_एफ
या सगळ्यांत अडकवणारी तपासणी पीसीपीएनडीटीची. बाकीच्या खात्यांत कागदाची चूक बहुधा पूर्ततेवर निभावते. इथे त्या कायद्याच्या कलम 4(3) खाली नोंदीतली उणीव हेच उल्लंघन धरलं जातं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही तरतूद कायम ठेवली.

नियमाप्रमाणे समुचित प्राधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याने) दर 90 दिवसांनी तपासणी करायची आणि अहवालाची प्रत मालकाला द्यायची असते. प्रत मागून घ्या. पथक फॉर्म एफ (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद), सोनोग्राफीचं रजिस्टर आणि पावतीपुस्तक शेजारी-शेजारी ठेवतं. पावत्या 41 आणि फॉर्म 40 निघाले की संपलं. फॉर्मवर बघायचं ते असं: शेवटच्या पाळीची तारीख, कशासाठी तपासणी केली ते कारण, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, बाईची सही किंवा अंगठा, डॉक्टरची सही आणि तारीख. रकाना लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, कोरा सोडू नका. खाडाखोड करूच नका. फॉर्म त्याच दिवशी पुरा करा. शनिवारी सगळे एकत्र भरले की शाई आणि अक्षरच सांगतं.

मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत जायला हवा. मशीन, जागा किंवा डॉक्टर बदलणार असेल तर 30 दिवस आधी कळवायचं, नंतर नाही.

आणि एमटीपीचं अ‍ॅडमिशन रजिस्टर या गठ्ठ्यात ठेवू नका. ते गोपनीय आहे, कुलपातच हवं. कायद्याने अधिकार असलेल्यालाच दाखवायचं आणि तशी नोंद करायची.

पिवळी_पिशवी
कचऱ्याचं राहिलं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांच्या वर ठेवता येत नाही. गाडी शनिवारी सकाळी येऊन थेट मंगळवारी आली की नियम मोडला. अशा वेळी मंडळाला कारणासकट कळवा आणि पोच ठेवा.

तपासणारा आधी रंगवार वजनाचं रोजचं रजिस्टर गाडीवाल्याच्या बारकोड नोंदीशी ताडून बघतो. रोज अगदी सारखं वजन दिसलं की घरी बसून भरलंय हे कळतं. पाच बाळंतपणं झालेल्या दिवशी वार (प्लॅसेंटा) पिवळ्या पिशवीत जाते, वजन वाढायलाच हवं. नेहमीची चूक म्हणजे सुईसकट सिरिंज लाल पिशवीत टाकणं. सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, उरलेली सिरिंज लाल पिशवीत.

वार्षिक अहवाल फॉर्म 4 मध्ये 30 जूनपर्यंत. तो जानेवारी ते डिसेंबरचा असतो, एप्रिल ते मार्चचा नव्हे. अकाउंटंटकडे दिलात की हीच चूक होते.

प्रसूतिगृह_20
आकडे लगेच ताडले. मंडळाच्या संमतिपत्रात 15 च आहेत. आधी काय दुरुस्त करू? आणि जुने कागद किती वर्षं ठेवायचे?

आवक_जावक
आधी संमतिपत्र. बेड असलेल्या ठिकाणी कचऱ्याच्या प्राधिकारपत्राची (कचरा हाताळायच्या परवानगीची) मुदत संमतिपत्राशी जोडलेली असते, म्हणून दोन्हींत 20 करून घ्या. मग कचरावाल्यांचा करार, त्यानंतर नूतनीकरणाचा अर्ज.

कागद: पीसीपीएनडीटीचे 2 वर्षं, पण केस चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. कचऱ्याचे आणि एमटीपी रजिस्टर 5 वर्षं.

त्रुटीचं उत्तर फोनवर देऊ नका. पत्रात त्यांच्या अहवालाचा जावक क्रमांक, त्रुटीनिहाय पूर्तता, तारीख दिसणारे फोटो आणि आपल्या प्रतीवर त्यांच्या आवकचा शिक्का. पुढच्या खेपेला वेगळा अधिकारी आला की तीच प्रत पुढे करा.